हॉल ते स्वयंपाकघर

मशीद बंद झाल्याचं खापर कोणाच्या डोक्यावर फोडावं हे मापसाहेबांना कळेना, म्हणून त्यांनी ते कपाटाच्या डोक्यावर फोडलं.

तसं पाहिलं तर कपाटाचं काही चुकलं नव्हतं. हॉलच्या भिंतीला पाठ लावून ते बिचारं वर्षानुवर्षं गुमान उभं होतं. लोखंडी, दुहेरी दाराचं, मापसाहेबांच्या लग्नात आलेलं. चूक असलीच तर साथीची होती. साथ आली, दुकानं बंद झाली, शाळा बंद झाल्या आणि रमझान तोंडावर आलेला असताना मशिदीच्या फाटकालाही कुलूप लागलं. नमाज घरीच पढा, असं सांगण्यात आलं.

मापसाहेब हे अर्थात टोपणनाव. खोकी बनवणाऱ्या कारखान्यात ते गुणवत्ता तपासायचे. खोकं मापात आहे की नाही हे सांगणं हे त्यांचं काम, आणि मोजायची टेप त्यांच्या पट्ट्याला अशी लटकलेली असायची की जणू जन्मतःच ती तिथे होती. साथीमुळे तेही काम घरी आलं होतं. पलीकडे कोणीतरी कॅमेऱ्यासमोर खोकं धरायचं आणि इकडून मापसाहेब म्हणायचे, "डावा कोपरा जरा वर घ्या. अजून. हां, हे नापास." अशा माणसाला घरातल्या कोणत्याही वस्तूविषयी ठाम मत असतं, आणि ते त्याला सांगायचंही असतं.

पण घरात खरी काळजी होती ती अब्बांची. अब्बा म्हणजे मापसाहेबांचे वडील. घरात सून, नात सगळेच त्यांना अब्बा म्हणत. रमझानच्या रात्री मशिदीत तरावीहची लांबलचक नमाज जमातीबरोबर, खांद्याला खांदा लावून पढायची आणि मग मित्रांशी गप्पा मारत सावकाश घरी यायचं, हा त्यांच्या वर्षाचा कळस. आता ते संध्याकाळी इस्त्रीचे कपडे घालायचे, अत्तर लावायचे, टोपी चढवायचे आणि दारापाशी चपला घालून नुसतेच बसायचे. थोड्या वेळानं चपला काढायचे. इफ्तारला दिवसभराचा उपाशी माणूस ताटावर तुटून पडतो. अब्बा एक खजूर खायचे, पाणी प्यायचे आणि ताट बाजूला सारायचे. "भूक नाही," म्हणायचे. डॉक्टरांनी फोनवर सगळं ऐकून घेतलं आणि सांगितलं, प्रकृती ठीक आहे, मन लागत नाहीये त्यांचं.

"अहो, घरीच जमात करू की," मापसाहेबांची बायको म्हणाली. "तुम्ही पुढे उभे राहा. अब्बांना बरं वाटेल."

मापसाहेबांनी पट्ट्याची टेप चाचपली. पुढे उभं राहायचं म्हणजे इमाम व्हायचं. आजवर ते मशिदीत शेवटच्या रांगेत, पंख्याखालची जागा बघून उभे राहणारे गृहस्थ. पाठ म्हणाल तर कुराणातल्या मोजक्या छोट्या सूरह, त्याही एका ठरावीक क्रमानं. क्रम बदलला की गाडी रुळावरून घसरायची.

"अब्बाच का नको?" त्यांनी विचारलं.

"अब्बांचे गुडघे खुर्चीशिवाय चालत नाहीत. म्हणून ते स्वतःच नको म्हणतात. मी विचारलंय."

बायकोनं आधीच विचारून ठेवलेल्या गोष्टीवर चर्चा करण्यात अर्थ नसतो हे मापसाहेबांना ठाऊक होतं. तेव्हा अवघड गोष्ट टाळायची असेल तर तिच्या आधीची सोपी गोष्ट अतिशय काळजीपूर्वक करावी, हा कारखान्यातला धडा त्यांनी घरी लावला. "इमामतीचं मागाहून बघू," ते गंभीरपणे म्हणाले, "आधी काब्याची दिशा नक्की केली पाहिजे."

आणि दिशा खरोखरच नक्की नव्हती. आतापर्यंत जो तो आपापल्या खोलीत, आपापल्या अंदाजानं पढत होता. त्या दिवशी सगळ्यांना हॉलमध्ये आणून उभं केलं तेव्हा अब्बा खिडकीकडे तोंड करून उभे, बायको गॅलरीकडे आणि कॉलेजात जाणारी लेक फोनमधलं होकायंत्र बघत थेट चपलांच्या स्टँडकडे.

"पप्पा, फोन हेच सांगतोय," लेक म्हणाली.

"तिकडे आपल्या चपला आहेत," अब्बा म्हणाले.

शेजारच्या गॅलरीतून बोटवाले काका हे सगळं बघत होते. जन्मभर मालवाहू जहाजांवर नोकरी केलेला माणूस; निवृत्तीनंतर समुद्र राहिला नाही म्हणून शेजाऱ्यांवर नजर ठेवून असायचे. "मापसाहेब," त्यांनी हाक मारली, "त्या लोखंडी धुडाच्या शेजारी होकायंत्र धरलंत तर ते त्याचंच ऐकणार. आमच्या कप्तानाच्या खिशात एकदा पाना राहिला होता. तीन दिवस आम्ही भलत्याच देशाकडे चाललो होतो."

लेकीनं फोन कपाटापासून लांब नेला. सुई वळली. जवळ आणला. सुई परत कपाटाकडे झुकली. मापसाहेबांच्या चेहऱ्यावर, नापास खोकं सापडल्यावर यायचं ते तेज आलं. जागा अडवणारंही कपाटच, दिशा बिघडवणारंही कपाटच. कपाट हलवायचं ठरलं.

हॉलमधून आत एक अरुंद बोळ होता. त्यात स्वयंपाकघर, न्हाणीघर आणि झोपायच्या खोल्या. बोळाच्या टोकाला कपाटापुरती जागा होती. मापसाहेबांनी कपाट मोजलं. बोळाच्या दाराची चौकट मोजली. पुन्हा मोजली. एक बोट जागा शिल्लक राहत होती.

"आधी रिकामं करू का?" बायकोनं विचारलं.

"बोटभर जागा आहे," मापसाहेब म्हणाले, जणू हे त्या प्रश्नाचं उत्तर होतं.

दुपार उतरायला लागली होती. बायको आणि लेक बोळात, ओढायला. मापसाहेब हॉलमध्ये, ढकलायला. आणि अब्बा खुर्चीत, देखरेखीला. रोज्यात ताकद ती किती असणार, पण कपाट भलतंच समंजस निघालं. सरसर सरकत चौकटीत शिरलं, निम्मं आत गेलं, एक कर्कश किंकाळी फोडली आणि थांबलं. पुढे जाईना, मागे येईना. चौकट मापसाहेबांनी बरोबर मोजली होती. फक्त चौकटीला दार असतं, आणि ते उघडून आत वळवलं तरी बिजागरीशी त्याची जाडी राहतेच, हे त्यांच्या हिशेबातून सुटलं होतं.

 मग कपाटापलीकडून बायकोचा आवाज आला. "बोट कुठे गेलं?"

घराचे दोन देश झाले होते. पलीकडच्या देशात बायको, लेक, पाणी, गॅस, फ्रीज आणि न्हाणीघर. अलीकडच्या देशात मापसाहेब, अब्बा, टीव्ही आणि गॅलरी. न्हाणीघराचं त्यातल्या त्यात बरं होतं; सकाळपासून पाण्याचा घोट नसला की माणसाच्या गरजा बऱ्याच कमी होतात.

"आता तरी रिकामं करू का? कपाटाची दारं माझ्याकडे आहेत," बायको म्हणाली.

"कोणी कशाला हात लावू नका," मापसाहेबांनी बजावलं. "वजन हललं तर कोन बदलेल. मी बघतो." आणि टेप काढून ते अडकलेलं कपाट नव्यानं मोजू लागले.

बोटवाले काकांनी गॅलरीतून साबण लावायला सांगितलं. साबण पलीकडच्या देशात होता. मग तेल लावा म्हणाले. तेलही तिकडेच. "मग श्वास रोखून एकदम धक्का द्या." मापसाहेबांनी श्वास रोखला, धक्का दिला. कपाट इंचभर आणखी आत गेलं आणि पूर्वीपेक्षा घट्ट बसलं.

अखेर त्यांनी सोसायटीच्या सेक्रेटरींना फोन लावला. सेक्रेटरी खालच्याच मजल्यावर राहायचे आणि साथ आल्यापासून त्यांना आयुष्याचा अर्थ सापडला होता. इमारतीच्या फाटकाला त्यांनी स्वतःच्या हातांनी बांबू बांधले होते.

"एक सुतार बोलवायचाय," मापसाहेब म्हणाले.

"बाहेरचा आत येणार नाही, आतला बाहेर जाणार नाही," सेक्रेटरी म्हणाले.

"आमचा तर आतलाच आत जाऊ शकत नाहीये."

सेक्रेटरींनी सगळं ऐकून घेतलं. नियमात अशी परिस्थिती नाही म्हणाले. शेजाऱ्यांनी एकमेकांच्या घरात जायचं नाही, हे मात्र नियमात होतं. "तुम्ही अडकलेल्या लोकांच्या मदतवाहिनीवर फोन करा. तिथून पास आला तर मी सुताराला सोडतो. पासाशिवाय मी माझ्या सासऱ्यांनाही सोडलेलं नाही." हे म्हणताना त्यांच्या आवाजात थोडा आनंद होता.

बऱ्याच वेळ संगीत ऐकल्यावर मदतवाहिनीवर एका मुलीचा गोड आवाज आला. "आपण कुठे अडकला आहात?"

"हॉलमध्ये."

"लग्नाच्या?"

"घरातल्या."

"म्हणजे आपण घरीच आहात."

"घरी आहे, पण पूर्ण घरात नाही."

मुलीनं पुढचा प्रश्न घेतला. "कुठे जायचंय आपल्याला?"

"स्वयंपाकघरात."

"जिल्ह्यातच आहे ना ते?"

"घरातच आहे."

"म्हणजे जिल्ह्यातच," मुलगी म्हणाली आणि टायपिंगचा आवाज आला. "प्रवासाचं कारण? वैद्यकीय, अंत्यविधी की अत्यावश्यक?"

मापसाहेबांनी घड्याळाकडे पाहिलं. मगरिबची वेळ, म्हणजे रोजा सोडायची वेळ, जवळ येत चालली होती. "अत्यावश्यक," ते म्हणाले. "पण मला नको, सुताराला पास द्या."

"प्रवासी किती?"

"मी आणि वडील. पण सुतार—"

"ज्येष्ठ नागरिकांना प्रवासाची परवानगी नाही, सर. वडिलांनी आहेत तिथेच थांबावं."

"ते थांबलेलेच आहेत हो."

"मग ठीक आहे," मुलगी समाधानानं म्हणाली आणि फोन बंद झाला. लगेच संदेश आला. मापसाहेबांनी तो मोठ्यानं वाचला. हॉल ते स्वयंपाकघर प्रवासास मंजुरी देण्यात येत आहे. प्रवास स्वतःच्या वाहनानेच करावा. वाटेत कुठेही थांबू नये.

"वाटेतच तर सगळं थांबलंय," अब्बा म्हणाले. कित्येक दिवसांत त्यांनी अशी गंमत केली नव्हती. पण मापसाहेबांचं तिकडे लक्ष नव्हतं. सरकारदरबारी आपल्याला आपल्याच स्वयंपाकघरात जायला परवानगी काढावी लागली, ही गोष्ट त्यांना आतल्या आत टोचत होती.

वेळ थोडा उरला तेव्हा अब्बा गॅलरीतल्या झाडांच्या नळावर नमाजेआधीचा वुजू करायला गेले. हातपाय निवांत धुतले. पाणी पन्हळीतून खाली गेलं आणि सेक्रेटरींच्या दोरीवर वाळत असलेल्या सदऱ्यांवर आणि शेजारी उभ्या सेक्रेटरींवर कोसळलं. खालून विचारणा झाली. मापसाहेबांनी वाकून माफी मागितली आणि वाकलेच आहोत तर एक विनंतीही केली. बायको स्वयंपाकघराच्या खिडकीतून दोरीनं पिशवी सोडेल. सेक्रेटरींनी ती आपल्या खिडकीत घ्यावी, घरातून गॅलरीत आणावी आणि मापसाहेबांच्या दोरीला बांधावी. सेक्रेटरींना नियमात याविरुद्ध काही सापडेना. त्यांनी बराच शोध घेतला असावा, कारण उत्तर यायला वेळ लागला.

पिशवी सुटली. खजूर, कापलेली फळं, सरबताची बाटली. एका खिडकीतून खाली उतरली, खालच्या घरातून फिरली आणि दुसऱ्या बाजूनं वर चढली. ऐन वेळेला अब्बांनी खजूर हातात घेतला, तोंडाशी नेला आणि थांबले. खजूर ओला होता आणि दवाखान्यासारखा वास मारत होता.

"सेक्रेटरीसाहेब," मापसाहेबांनी वाकून विचारलं, "पिशवीवर काही मारलंत का?"

"पिशवीवर नाही," सेक्रेटरी अभिमानानं म्हणाले, "प्रत्येक वस्तूवर वेगवेगळं मारलंय. सगळ्यात भारी सॅनिटायझर. बहुतेक सगळं अल्कोहोलच."

अब्बांनी खजुराकडे पाहिलं. मग मुलाकडे पाहिलं. मग तो खजूर अत्यंत अदबीनं कठड्यावर ठेवून दिला. सरबताची बाटली बुचासकट न्हाऊन निघाली होती. एवढ्यात बोटवाले काकांनी आपल्या काठीला दोन केळी अडकवून काठी पुढे केली. रोजा सुटला तो झाडांच्या नळाच्या पाण्यानं आणि काठीवरच्या केळ्यानं. कपाटामागून बायकोनं विचारलं, "खजूर गोड निघाले का?" मापसाहेब म्हणाले, "तीव्र होते."

आता नमाज. टाळण्यासारखं काहीच उरलं नव्हतं. भिंत मोकळी झाली होती, होकायंत्र शहाण्यासारखं वागत होतं, दिशा एकच होती. मापसाहेब पुढे, अर्धं पाऊल मागे उजवीकडे खुर्चीत अब्बा, आणि मागे कपाट. कपाटाच्या मागे, बोळात, बायको आणि लेक. स्त्रियांसाठी पडद्याची सोय इतकी भक्कम क्वचितच कुठे झाली असेल.

पहिली रकात, म्हणजे नमाजेचं पहिलं आवर्तन, झकास गेली. सूरह एकदाही अडखळली नाही. आवाज रिकाम्या हॉलमध्ये असा घुमला की मापसाहेबांना स्वतःचंच कौतुक वाटलं. जमिनीला कपाळ टेकून सजदा करून उठले आणि उभं राहायचं सोडून कौतुकाच्या भरात बसूनच राहिले.

"सुब्हानल्लाह," अब्बा हळूच म्हणाले.

इमाम चुकला की मागच्यानं असं म्हणून त्याला सावध करायचं असतं. मापसाहेब शेवटच्या रांगेतले; तिथवर असले इशारे कधी पोचलेच नव्हते. त्यांना वाटलं अब्बांना पाठ आवडला. आयुष्यात पहिल्यांदाच अब्बांनी तोंडावर कौतुक केलं होतं. ते आणखी ऐसपैस बसले.

"सुब्हानल्लाह," अब्बा जरा जोरात म्हणाले. मापसाहेबांचा ऊर भरून आला.

बायकांनी अशा वेळी बोलायचं नसतं, हातावर हात मारून इशारा करायचा असतो. बायकोनं टाळी वाजवली. कपाटानं ती गिळून टाकली. लेकीनंही वाजवली. तीही गेली. शेवटी लेकीनं तळहात कपाटाच्या पत्र्यावर हाणला. ढगांचा गडगडाट व्हावा तसा आवाज झाला आणि पाठोपाठ दोघींच्या टाळ्या.

शेजारी बोटवाले काका केळ्याची साल हातात घेऊन उभे होते. साथीच्या सुरुवातीला एका संध्याकाळी सगळ्यांनी गॅलरीत येऊन डॉक्टर-नर्सच्या नावानं टाळ्या वाजवल्या होत्या. आज पुन्हा आहे वाटतं, आपल्यालाच कळवलं नाही, असं समजून काकांनी साल टाकली आणि टाळ्या सुरू केल्या. वरच्या मजल्यानं उचलल्या. समोरच्या इमारतीनं ऐकल्या. कोणी डबा बडवू लागलं, कोणी शिट्टी फुंकली. आपल्या परवानगीशिवाय कार्यक्रम सुरू झालेला पाहून सेक्रेटरी ओल्या सदऱ्यात धावत गॅलरीत आले आणि मागे पडायला नको म्हणून सगळ्यांत मोठ्यानं घंटा वाजवू लागले.

या प्रचंड जयघोषाच्या मधोमध मापसाहेब बसलेले. एका रकातीला अख्खी वस्ती टाळ्या वाजवते आहे, म्हणजे काहीतरी चुकलंय, हे हळूहळू त्यांच्या ध्यानात आलं. कान लाल झाले. ते ताडकन उभे राहिले. नेमक्या त्याच क्षणी टाळ्या थांबल्या, आणि त्या शांततेत शेजारून एक आवाज आला. आधी नाकातून, मग घशातून, मग पोटातून. अब्बा हसत होते. दाबायचा प्रयत्न करत होते, पण खुर्ची गदागदा हलत होती. मग बांध फुटला आणि ते डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. कपाटामागेही दोन आवाज हसू लागले. आता इमामालाही धीर धरवेना.

नमाज मोडली. खळखळून हसलं तर वुजूही नव्यानं करायचा, असं त्यांच्या घरात मानत. अब्बा डोळे पुसत गॅलरीतल्या नळाकडे गेले. खालून सेक्रेटरींचा आवाज आला, "आत्ताच बदलला होता हो मी सदरा."

"पुन्हा पढू," अब्बा परत येऊन खुर्चीत बसत म्हणाले. "आवाज चांगला आहे तुझा. फक्त मी सुब्हानल्लाह म्हटलं की खूश होऊ नकोस, ऊठ."

दुसऱ्यांदा सगळं सुरळीत झालं. शेवटचा सलाम फिरवून मापसाहेब वळले तर अब्बा हात पुढे करून बसले होते. मशिदीत नमाज झाली की शेजारच्याशी हात मिळवायची त्यांची सवय. मापसाहेबांनी हात हातात घेतला. वडिलांशी असा हात त्यांनी याआधी कधी मिळवला होता, ते त्यांना आठवेना.

"आता जेवण," अब्बा म्हणाले. "केळ्यावर किती वेळ राहायचं माणसानं."

पलीकडून बायको म्हणाली, "दोन मिनिटं." कपाटात काहीतरी खडखडलं, मग बोळाचं दार निखळल्याचा आवाज आला आणि दोघींनी ओढताच कपाट लोण्यातून सुरी जावी तसं बोळात सरकत गेलं. चौकट मोकळी झाली. पलीकडे लेक हातात चपटी सुरी आणि बिजागरीचे स्क्रू घेऊन उभी, बायको शेजारी, आणि तिच्यामागे बोळात कपड्यांचा डोंगर.

"केव्हा रिकामं केलंस?" मापसाहेबांनी विचारलं.

"तुम्ही जिल्ह्यातल्या जिल्ह्यात प्रवासाची परवानगी मागत होतात तेव्हा. नमाजेपर्यंत स्क्रूही सैल झाले होते."

"मग सांगितलं का नाहीस?"

"कोणी कशाला हात लावू नका, असा हुकूम होता."

मापसाहेबांनी घसा साफ केला. "मी हेच सुचवणार होतो," ते म्हणाले. कोणी वाद घातला नाही, हे त्यांना जरा जास्तच लागलं.

त्या संध्याकाळी अब्बांनी दोनदा वाढून घेतलं. दुसऱ्यांदा ताट पुढे केलं तेव्हा सुनेचा हात वाढता वाढता क्षणभर थांबला. तिनं नवऱ्याकडे पाहिलं, काही न बोलता पळीभर जास्तच वाढलं आणि लगबगीनं मीठ आणायला आत गेली. मीठ टेबलावरच होतं. न्हाणीघरात आता सगळ्यांना पोट आत घेऊन, आडवं होऊन शिरावं लागत होतं, कारण कपाट बरोबर त्याच्या दारासमोर येऊन बसलं होतं. पण त्यावर चर्चा करायला कोणी तयार नव्हतं. तरावीहसाठी हॉलमध्ये दोन रांगा अंथरल्या गेल्या आणि मापसाहेबांनी आपल्या मोजक्या सूरह पुन्हा पुन्हा, त्याच क्रमानं, शेवटपर्यंत नेल्या. अब्बांनी अनेकदा सुब्हानल्लाह म्हटलं, आणि मापसाहेब दर वेळी आज्ञाधारकपणे उठले. त्यात एकदा ते खरंच कौतुक होतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सेक्रेटरींनी फाटकावर सूचना लावली, की सामूहिक टाळ्यांसाठी पूर्वपरवानगी आवश्यक आहे. अब्बा टोपी घालून, अत्तर लावून गॅलरीत उभे होते. शेजारून बोटवाले काकांनी हात चोळत विचारलं, "काय अब्बा, आज टाळ्या किती वाजता?"

अब्बांनी आत पाहिलं. हॉलमध्ये मापसाहेब भिंतीकडे तोंड करून ओठांतल्या ओठांत पाठांतर करत येरझारा घालत होते.

"ते इमामसाहेबांवर आहे," अब्बा म्हणाले. "पण तुम्ही तयारीत असा."